डाव्या दिव्याची ओटी

बसा, अशा जवळ बसा. वात थोडी वर सारते, म्हणजे एकमेकींची तोंडं दिसतील. सांगायचंय ते आनंदाचं की भीतीचं, हे माझं मलाच अजून ठरवता आलेलं नाही. सांगायला घेतलं की छाती धडधडते एवढं खरं, आणि ती धडधड नुसत्या भीतीची नाही.

सुरुवात अगदी साध्या कामानं झाली. आमच्या गाडीच्या दिव्यात पाणी साचायचं. ते वाळवून आणायचं होतं.

गाडी जुनीच घेतलेली. निर्णा गावच्या कुणा श्रीपतरावांची, मधल्या एजंटामार्फत. माझे यजमान अच्युतराव इथं भालकीतच शाळेत गणित शिकवायचे. सायकलीवर जन्म काढलेला माणूस निवृत्त झाल्यावर गाडी शिकला, तो एकाच कारणानं. आमची नेत्रा. एकुलती एक लेक, कडगंचीला विद्यापीठात शिकवते. जावई संकर्षण नोकरीपायी बेंगळुरात. दोनदा तिची कूस भरली आणि दोनदा रिकामी झाली. दुसऱ्या खेपेला डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं की आता बसचे धक्के नकोत. आणि यंदा देवीनं पुन्हा पदरात दान घातलं होतं. पोरीला सातवा सरत आला होता. आठव्यात गर्भारशीला वेस ओलांडू देत नाहीत आमच्यात. म्हणजे त्याच्या आत, पोटातल्या जिवाला धक्का न लागता, तिला घरी आणायचं होतं. मला दुसरं काही सुचतच नव्हतं. दर शुक्रवारी भवानीची ओटी भरत होते, एकवेळ जेवत होते, आणि रात्री स्वप्नात दुपटी शिवत होते.

गाडीचं सगळं चांगलं. फक्त डावा दिवा तेवढा संध्याकाळ झाली की आतून वाफ धरायचा. उजवा कोरडा ठणठणीत. डाव्याच्या काचेवर आतल्या बाजूनं बारीक थेंब जमायचे, भाताच्या झाकणाला जमतात तसे. लावला तर उजेड दुधासारखा पांढुरका, चार हातांपलीकडं काही दिसायचं नाही. आणि आमच्याकडं थंडीच्या त्या दिवसांत साखर कारखाना सुरू असतो. उसानं भरलेल्या ट्रॉल्या रस्त्यावर, मागं लाल दिवा नाही की चमकती पट्टी नाही. अशा रस्त्यावर आंधळ्या दिव्यानं लेकीला कशी आणणार?

"गरम हवा द्या," म्हणत शेजारची संध्या केस वाळवायचं तिचं यंत्र घेऊन आली. संध्या शाळेत शिकवते. त्यांच्या घरी बुद्धवंदना असते, माझ्या व्रतांवर तिचा काडीचा विश्वास नाही, पण उपासाची खिचडी मात्र हक्कानं मागून नेते.

दिव्याच्या काचेवर गरम हवा सोडत ती म्हणाली, "अक्का, तुम्ही ह्याला निर्जळी एकादशी कामून धरायला लावीत न्हाई? पाणी प्यायचंच बंद होईल."

मी हसले. थेंब विरत गेले, काच स्वच्छ झाली. यंत्र बंद केलं, आणि आमच्या डोळ्यांदेखत वाफ परत चढली. खालून वर, हळूहळू. पण सगळीकडं नाही. मधोमध एक पट्टा कोरडाच राहिला. आडवा, जरासा वाकडा. आपण बसच्या ओल्या खिडकीतून बाहेर बघायला तळव्यानं काच पुसतो ना, तसा.

मी काचेवरून हात फिरवला. बाहेरून पुसलेला नव्हता.

"गरम हवा तिथंच जास्त लागली असंल," संध्या म्हणाली. यंत्राची वायर गुंडाळताना मात्र तिनं दिव्याकडं दोनदा वळून पाहिलं.

सोमवारी सकाळी आम्ही ईरण्णाकडं गेलो. बसस्टँडच्या मागं त्याचं गॅरेज. त्यानं बॉनेट उघडलं, दिव्याच्या मागचं रबरी झाकण काढलं, आणि नाक मागं घेतलं. वास मलाही आला. ओढ्याकाठच्या काळ्या गाळाचा वास, खेकडे निघतात तिथला.

"मागं हवा खेळायला बारीक नळी असती सर," तो यांना म्हणाला. "ती गाळानं बुजलीय. म्हणून आतली वाफ आतच फिरायलीय." त्यानं तार घालून नळी मोकळी केली. राखेच्या रंगाचा चिखल बोटभर निघाला. तो बोटांवर चोळत त्यानं विचारलं, "गाडी पाण्यात गेलती काय?"

यांनी तिथूनच श्रीपतरावांना फोन लावला. कुणी उचलला नाही.

"नवीन दिवा हैदराबादहून मागवावा लागंल. आठवडा जाईल," ईरण्णा म्हणाला.

"आठवडा न्हाई चालणार," मी म्हणाले. "उद्या लेकीला आणायचंय."

"मग असं करा अक्का. मी हवा मारून देतो, दिवसभर झाकण उघडं ठेवून उन्हात लावा. आणि रात्री आत तांदळाची पुरचुंडी बांधून ठेवा, बल्बाला न चिकटता. ओल वढून घेतात तांदूळ. मोबाईल भिजला की ठेवत्यात न्हवं, तसं."

आता इथं मी काय केलं ते नीट ऐका.

संध्याकाळी तांदळाच्या डब्यात हात घातला आणि वाटलं, दुकानातले तांदूळ कशाला? शुक्रवारची भवानीची ओटी पुजाऱ्यांनी प्रसाद म्हणून परत दिलेली देव्हाऱ्यात तशीच होती. तेच घालू, म्हणजे दिव्याची ओलही जाईल आणि वाटेत देवी सांभाळेल. हिरवा खण पसरला, त्यात ते तांदूळ घेतले. सुपारी आणि हळकुंड काढून ठेवायचं मनात येईना, तीही राहू दिली. घट्ट गाठ मारली. गाडीशी गेले, दिव्याला हळदकुंकू लावलं, कारण काही झालं तरी तो गाडीचा डोळा. पदर सावरून दोन्ही हातांनी ती पुरचुंडी आत ठेवली. आणि इतक्या वर्षांत इतक्या जणींच्या ओट्या भरलेल्या, तोंडाला सवय. आपसूक शब्द आले: "भरल्या ओटी सुखानं राहा बाई, आणि परत ये."

बॉनेटच्या आतून एक लांब श्वास सुटल्यासारखा आवाज झाला.

कुंपणापलीकडून संध्या म्हणाली, "इंजिन निवायलंय अक्का. कामून दचकलाव?"

गाडी सकाळपासून जागची हललेली नव्हती. पण मी तिला ते सांगितलं नाही. मनात नेत्राच्या खोलीची चादर, शेवयांची खीर, तिच्या आवडीचं मेतकूट, असलंच काहीबाही नाचत होतं. भीतीला बसायला जागाच नव्हती.

आणि मंगळवारी सकाळी बघते तर डावा दिवा आरशासारखा स्वच्छ. एक थेंब नाही. मी तिथल्या तिथं हात जोडले. हे म्हणाले, "तांदळाचा गुण." मी म्हणाले, "कुणाचा का असेना."

कडगंचीला पोचलो. लेक दारात उभी होती, एक हात कमरेवर, एक पोटावर. तिला बघून मला रडू आलं आणि हसूही. जेवणं झाली, सामान भरलं, आणि हे किल्ली घेऊन उठले तर मी आडवी आले. मंगळवारी तीनपासून साडेचारपर्यंत राहुकाळ. त्यात पोटुशी लेकीला उंबऱ्याबाहेर काढू?

"अगं, पुढं अंधार पडतो," हे म्हणाले.

"दिवा वाळलाय आता," मी म्हणाले.

नेत्रा हसली. "बाबा, आईपुढं राहूसुद्धा थांबतो, तुम्ही कोण?"

राहुकाळ सरल्यावर निघालो. मी आणि नेत्रा मागं, पुढच्या डाव्या सीटवर कुणी नाही. हुमनाबाद सुटलं तेव्हा दिवस बुडाला. भालकीच्या रस्त्याला रहदारी विरळ. दोन्हीकडं उंच ऊस, त्याच्या पाचटाचा सळसळणारा आवाज, कुठंतरी पाचट जाळल्याचा धूर, आणि धुक्याचे झिरझिरीत पदर रस्त्यावर उतरलेले. यांनी दिवे लावले. उजव्याचा उजेड पिवळट. डाव्याचा मात्र असा लख्ख, की रस्त्याकडेचं गवत काडी न् काडी दिसत होतं.

नेत्रा माझ्या खांद्यावर डोकं ठेवून होती. ती एकदम सरळ झाली.

"आई... ती बाई बघ."

डाव्या उजेडाच्या अगदी कडेला एक बाई चालत होती. आमच्याकडं पाठ. हिरवं लुगडं पोटऱ्यांना चिकटलेलं, जसं ओलं कापड चिकटतं. दोन्ही हातांत पदर पुढं धरलेला, त्यात काहीतरी जड असावं तशी सावकाश, तोल सांभाळत चाललेली. आमची गाडी धावत होती. ती चालत होती. आणि आमच्यातलं अंतर कमी होत नव्हतं.

"कोण बाई?" हे म्हणाले. यांना रस्ता रिकामा दिसत होता.

"बाबा, हळू... ती थांबली."

ती थांबली, आणि तिनं मान वळवली. तोंड दिसलं म्हणाल तर नाही. कारण त्याच क्षणी डावा दिवा विझला.

यांनी ब्रेक दाबला. मी दोन्ही हात नेत्राच्या पोटापुढं आडवे धरले. गाडी घसरत जाऊन थांबली, आणि उजव्या दिव्याच्या मिणमिणत्या उजेडात समोर, बॉनेटला जवळजवळ टेकून, उसाच्या मोळ्यांची एक भिंत उभी होती. डाव्या अंगाला पंक्चर होऊन कललेली ट्रॉली. मागं दिवा नाही, दगड नाही, माणूस नाही. आणखी चार हात पुढं गेलो असतो तर...

मग नेत्रानं माझा हात धरून पोटावर ठेवला. आतून लाथ बसली. पुन्हा बसली. आम्ही मायलेकी तिथं अंधारात हसायलाच लागलो, वेड्यासारख्या.

हे बॅटरी घेऊन खाली उतरले, ट्रॉलीवाल्याला हाका मारत पुढं गेले. तेवढ्यात समोर ठेवलेला यांचा फोन वाजला. मी हात लांबवून घेतला.

"निर्ण्याहून श्रीपतराव बोलतो. काल तुमचा फोन येऊन गेला. मी दवाखान्यात होतो."

"ते खाली उतरलेत. मी त्यांच्या घरातली."

त्यांनी आवाज खाली आणला. "बाई... डाव्या दिव्यात पाणी येतंय काय?"

नेत्राला ऐकू जाऊ नये म्हणून फोन कानाशी दाबला. "येत होतं. आता थांबलं."

"थांबलं?... कसं?"

मी सांगितलं. तांदूळ, खण, सगळं. 

"त्या गाडीत माझी सून होती," ते म्हणाले. "सातवा लागला होता. ओटभरणीला माहेरी चालली होती, लेकाच्या शेजारी, डावीकडं बसून. ओढ्याला पाणी चढलं होतं. लेक पोहून निघाला... ती न्हाई निघाली. आम्ही काठावर उभे होतो बाई. गाडी पाण्याखाली गेली तरी दिवे जळायले होते. आधी उजवा गेला. डावा... लई वेळ दिसायला होता. तिची ओटी राहिली होती. ती तुम्ही भरलीत."

"मला ठाऊक नव्हतं."

"ओटी भरून आपण... परत ये म्हणतो. म्हणालात काय तसं?"

मी फोन बंद करून पदराखाली धरला.

"कोण गं?" नेत्रानं विचारलं.

"गाडीवाले. गाडी लाभेल म्हणत होते."

हे परत आले. ट्रॉलीला वळसा घालायला जागा होती. यांनी किल्ली फिरवली, डावा दिवा आपोआप लागला, आणि गाडी दोन हात पुढं गेली तोच आत टिंग टिंग सुरू झालं. पुढच्या सीटवर कुणी पट्टा न लावता बसलं की वाजतं ना, ते. डाव्या सीटचं लाल चिन्ह उघडझाप करत होतं.

"पिशवी आहे का तिथं?" हे म्हणाले. हातानं चाचपलं. सीट रिकामी. "ओल दिसतीय. वायर भिजली असेल."

टिंग टिंग चालूच. नेत्रा माझ्याकडं बघत होती. तिचा चेहरा पांढरा पडत चालला होता, आणि मला एवढंच दिसत होतं, की पोरीनं घाबरता कामा नये. आता नाही. घर अजून लांब आहे. मनात भवानीचं नाव घेतलं, पुढं वाकले, आणि त्या रिकाम्या सीटवरून पट्टा ओढून खटकन लावला. हळूच, पोटाच्या खालून घ्यावा तसा.

आवाज थांबला.

भालकीपर्यंत डावा दिवा असा जळत होता, की समोरून येणारे डोळ्यांवर हात धरत होते.

यांना सगळं सांगितलं ते दुसऱ्या दिवशी, नेत्रा झोपलेली बघून. हे गणिताचे मास्तर. आधी हसले, मग ईरण्णाला घरी बोलावून झाकण काढायला लावलं. पुरचुंडी जिथली तिथं होती. गाठ माझीच, मी देवीच्या ओटीला मारते तशी दुहेरी. खण खडखडीत कोरडा. पण हातात हलका लागला. ईरण्णानं गाठ सोडली. आत तांदूळ नव्हते. सुपारी नव्हती, हळकुंड नव्हतं. दाणाही नव्हता.

"उंदीर," हे म्हणाले.

"उंदराला परत गाठ मारता येती काय सर?" ईरण्णानं विचारलं, आणि खण माझ्या हातात न देता बॉनेटवर ठेवला.

हे म्हणाले, टाकून दे तो, आणि गाडी उद्याच विकू. मी नाही म्हणाले. दिलेली ओटी कुणी परत घेतं का? आणि जिनं माझ्या लेकीला त्या ट्रॉलीपुढं थांबवलं, तिला मी दारातून हाकलू? मी खण पुन्हा आत ठेवला. मनात म्हटलं, बाई, तुझं राहिलं ते तुला मिळालं. आता माझं मला मिळू दे.

आणि मिळालं. दिवस पुरे भरून, लख्ख सकाळी, भालकीतच नेत्रा मोकळी झाली. मुलगी. रडली ती अशी, की बाहेर बसलेल्या यांनी डोळ्यांना उपरणं लावलं. तिसऱ्या खेपेला आमच्या घरात बाळाचा आवाज आला. मी पेढे वाटताना पायांत चपला घालायचं विसरले होते.

बारशाला घर भरलं. दुपारची वेळ, ऊन अंगणात, घुगऱ्यांचा वास, बायकांची थट्टा. पाळण्याला फुलांच्या माळा. जावयांच्या बहिणीनं कानात नाव सांगितलं, सगळ्यांनी तिच्या पाठीत बुक्के घातले. मग बाळाला पाळण्याच्या खालून आणि वरून या बाजूच्या बाईनं त्या बाजूच्या बाईला द्यायचं असतं. या बाजूला मी आजी. त्या बाजूला मी हट्टानं संध्याला उभं केलं होतं.

"अक्का, मला तुमचे मंत्र येत न्हाईत," ती म्हणाली.

"मंत्र न्हाईत गं. नुसतं घ्यायचं."

"घेते की. पण साडीचा हिशेब तुमच्याकडं, पोरगी मुतली तर."

बायका हसल्या. मी वाकून दुपट्यातलं बाळ पाळण्याखालून पुढं केलं. संध्यानं पलीकडून वाकून हात घातले. तिची बोटं माझ्या बोटांना लागली, उबदार. बाळ तिच्या हातांवर टेकलेलं मला कळलं, आणि मी हात काढून घेत सरळ झाले.

संध्या वाकलेलीच राहिली. तिच्या तोंडावरचं हसू हळूहळू उतरत गेलं.

"अक्का," ती इतक्या हलक्या आवाजात म्हणाली, की बाकीच्यांना ऐकू गेलं नाही. "सोडा ना आता..."

"सोडलं की गं मघाशीच."

तिनं मान वर केली. आधी माझ्या तोंडाकडं पाहिलं, मग माझ्या हातांकडं.

"मग... खालून धरलंय कोण?"

माझे दोन्ही हात पाळण्याच्या दांडीवर होते.